टेकूवर उभा वारसा

मुंबईच्या काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन नावाची इमारत आहे. तिचे मूळ नाव वॉटसन्स हॉटेल. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजातून आणून इथे जोडल्या गेल्या आणि १८६९ मध्ये हा सांगाडा पूर्ण झाला. लोखंडी सांगाड्यावर तोललेली बहुमजली वास्तू त्या काळात युरोपातही नवलाईची होती. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चलत्‌चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते याच इमारतीत. पुढे हॉटेल बंद पडले, दालनांच्या खोल्या झाल्या, खोल्यांची वकिलांची कार्यालये आणि बिऱ्हाडे झाली. १९९५ साली शहराची वारसा यादी तयार झाली तेव्हा या इमारतीला दुसऱ्या श्रेणीतील वरचा दर्जा मिळाला. २००५ मध्ये तिच्या पश्चिमेकडच्या सज्जाचा भाग कोसळून एक जण मृत्युमुखी पडला. जगातील शंभर धोक्यातील वास्तूंच्या एका आंतरराष्ट्रीय यादीतही तिचे नाव आले. २०१९ मध्ये रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. इमारत पाडावी, असा अहवाल मुंबईच्या आयआयटीने दिला आणि ती दुरुस्त होऊ शकते असे संवर्धन वास्तुविशारद सांगत राहिले. एखाद्या वास्तूला मिळू शकणारी जवळजवळ सगळी प्रतिष्ठा या इमारतीला मिळाली होती. श्रेणी होती, परिसर वारसा म्हणून घोषित होता, उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर होते. मिळाली नाही ती वेळच्या वेळी दुरुस्ती.

या एका उदाहरणात मुंबईच्या वारसा संरक्षणाचे बळ आणि दुबळेपणा दोन्ही दिसतात. महापालिकेच्या नियमपुस्तकातील वारसा नियम चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. उलट, आपल्याकडे नगररचनेच्या कायद्यातून जी काही शहाणी कलमे निर्माण झाली त्यांत मी त्याचा नंबर वरचा लावीन. पण तो नियम अर्धाच लिहिला गेला. इमारत पाडू नका हे त्याने सांगितले, ती उभी ठेवण्याचा खर्च कोणी उचलायचा हे मात्र कागदावरच सोडले. आणि त्याच नियमपुस्तकातील पुढची-मागची कलमे ती इमारत पाडण्याला मोठे बक्षीस देत राहिली. एका हाताने रोखायचे आणि दुसऱ्या हाताने खुणावायचे, अशा कायद्याने जुने शहर वाचत नाही.

हा नियम कोणत्या गरजेतून आला ते आधी पाहायला हवे. पुरातन वास्तूंसाठी केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा आहे. कान्हेरीची लेणी, जोगेश्वरीची लेणी, मंडपेश्वर अशा स्थळांना त्यांचा उपयोग होतो, कारण तिथे कोणी राहत नाही, कोणी दुकान चालवत नाही, मालकही सरकारच असते. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियमन अशी वर्तुळे आखली. लेण्यांभोवती असे वर्तुळ शोभते. गिरगावातल्या गल्लीला, फोर्टमधल्या पेढ्यांना किंवा दादरच्या वसाहतीला हा कायदा लावायचा म्हटला तर माणसांना घरात खिळा ठोकण्यासाठीही दिल्लीकडे पाहावे लागेल. ज्या इमारतींत संसार चालू आहेत, ज्यांच्या तळमजल्यावर दुकाने आणि वरच्या मजल्यावर कचेऱ्या आहेत, त्यांना स्मारकांचा कायदा उपयोगी नाही. त्यांच्यासाठी नगररचनेचा कायदा लागतो, कारण एखाद्या भूखंडावर किती उंच, किती रुंद आणि कशासाठी बांधायचे हे तोच ठरवतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या २२व्या कलमात विकास आराखड्याने ऐतिहासिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांचे जतन करावे अशी तरतूद होती. तिचा खरा वापर व्हायला पुढे जवळजवळ तीन दशके लागली.

हैदराबादने १९८१ मध्ये आपल्या विकास नियमांत वारसा वास्तूंसाठी एक कलम घातले होते. मुंबईने १९९५ मध्ये जे केले ते त्याहून सविस्तर होते. श्याम चैनानी यांच्यासारखे कार्यकर्ते, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपसारख्या संस्था आणि काही वास्तुविशारद यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे विकास नियंत्रण नियमावलीत ६७वा नियम आला. सहाशेहून थोड्या अधिक वास्तू आणि परिसरांची यादी झाली आणि मुंबई वारसा संवर्धन समिती नेमली गेली. त्यात तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. इमारत मजबूत करण्यासाठी आवश्यक असेल त्यापलीकडे त्यांच्या आत किंवा बाहेर हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर चालतो, पण दर्शनी भागाची छाननी होते. तिसऱ्या श्रेणीतल्या इमारती रस्त्याच्या एकूण रूपासाठी महत्त्वाच्या असतात. त्यांत बदल करता येतात, भर घालता येते, खिळखिळी झाल्यास पुनर्बांधणीही होऊ शकते, मात्र उंची आणि दर्शनी रूप आजूबाजूशी जुळले पाहिजे. समिती सल्ला देते, निर्णय आयुक्तांचा असतो. तरीही समितीचा सल्ला डावलायचा असेल तर आयुक्तांनी कारणे लेखी नोंदवावीत आणि हा अधिकार खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवू नये, असे नियमातच आहे. सत्तेला जबाब द्यायला लावणारे हे छोटेसे वाक्य मला फार मोलाचे वाटते.

या नियमाचे मर्म परिसर या कल्पनेत आहे. एकटी इमारत वाचवली आणि दोन्ही बाजूंना मनोरे उभे राहिले तर उरतो तो फक्त नमुना. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला विद्यापीठ, उच्च न्यायालय यांची व्हिक्टोरियन गॉथिक रांग आणि पश्चिमेला आर्ट डेको घरांची रांग, मध्ये मोकळे मैदान. या दोन रांगांचा संवाद हाच तिथला ऐवज आहे. ३० जून २०१८ रोजी बहारीनमधील मनामा येथे या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यात ९४ इमारती आहेत. या नामांकनामागे ओव्हल, चर्चगेट आणि काळा घोडा भागांतल्या रहिवाशांच्या संघटना होत्या, त्याचा दस्तऐवज संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तयार केला. युनेस्को अशा प्रत्येक वेळी विचारते की या वास्तूंना तुमच्या देशात कायद्याचे कोणते संरक्षण आहे. मुंबईचे उत्तर होते महापालिकेचा वारसा नियम. जगाने दिलेली मान्यता एका स्थानिक नियमावर उभी आहे, ही गोष्ट सत्कार-समारंभांत सहसा कोणी सांगत नाही.

इथे एक जुना आक्षेप विचारात घ्यायला हवा. मालकाने आपल्या जमिनीवर काय बांधावे हे सरकारने सांगणे म्हणजे मालमत्तेच्या हक्कावर घाला, आणि शहराच्या वाढीला लगाम, असे म्हटले जाते. पण आज आपण जे परिसर जपू पाहतो ते जन्मालाच बांधकामाच्या कडक अटींमुळे आले. किल्ल्याची तटबंदी १८६०च्या दशकात उतरवल्यावर आजचे हॉर्निमन सर्कल, त्या वेळचे एल्फिन्स्टन सर्कल, आकाराला आले. तिथले भूखंड घेणाऱ्यांना दर्शनी भाग एकाच आराखड्याप्रमाणे ठेवावा लागला, म्हणूनच ते अर्धवर्तुळ एका हाताने काढल्यासारखे दिसते. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या इमारती वेगवेगळ्या शैलींच्या आहेत. तरी तळमजल्यावरून सलग छपराखाली चालत जाता येते, कारण प्रत्येकाने पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी सोडायची अशी सक्ती होती. पावसाळ्यात त्या ओवऱ्यांतून जाणाऱ्याला त्या सक्तीचे उपकार आजही कळतात. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली, तेव्हा भूखंडांमधली अंतरे, इमारतींची उंची, बागा सगळे ठरवून दिले होते. मरीन ड्राइव्हच्या भरावावरच्या इमारतींची एकसारखी उंचीही भाडेपट्ट्याच्या अटींतून आली. तेव्हा या परिसरांच्या बाबतीत तरी मोकळे शहर आणि बांधलेले शहर असा सामना नाही. निर्बंधांनीच शहराचा हा सुंदर भाग घडवला. प्रश्न आहे तो निर्बंधाचा बोजा कोणावर पडतो याचा.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या वास्तूंचे संवर्धन चांगले झाले त्यांच्याकडे पाहिले की हा प्रश्न स्पष्ट होतो. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचे आहे. खासगी प्रतिष्ठानाच्या मदतीने त्याचे काम झाले आणि २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार त्याला मिळाला. रॉयल ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडले होते. गोंडलच्या राजघराण्याच्या मालकीची ती वास्तू दुरुस्त होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडली. काळा घोड्याचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आणि डेव्हिड ससून ग्रंथालय यांचीही कामे देणगीदारांच्या बळावर पार पडली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रेल्वेची तिजोरी आहे. या प्रत्येक ठिकाणी मालक एकच होता, आणि त्याच्याकडे किंवा त्याच्या पाठीशी पैसा होता. आता याच्यासमोर गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, ग्रँट रोड, लालबाग इथली एखादी तिसऱ्या श्रेणीची चाळ ठेवा. मालकाचे वारस दहा-बारा, भाडेकरू चाळीस, भाडे महिन्याला शे-दोनशे रुपये, सागवानी तुळयांना वाळवी, जिन्याला टेकू. नियम दोन्हींना सारखाच लागू आहे. नियमात असे स्पष्ट लिहिले आहे की वारसा वास्तूची नियमित दुरुस्ती करणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि सरकारी मालकी असल्याखेरीज त्याचा भार सरकार किंवा महापालिका उचलणार नाही.

या वाक्याची अडचण समजायला भाडे नियंत्रणाचा इतिहास आठवावा लागतो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. फाळणीनंतर लोटलेल्या गर्दीत, युद्धानंतरच्या टंचाईत तो कायदा आवश्यक होता, आणि त्याने लाखो गिरणी कामगार आणि कारकून कुटुंबांना शहरात टिकवले हे विसरून चालणार नाही. पण तात्पुरता उपाय म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. भाडे तेच राहिले, चुना, लाकूड आणि गवंड्याची मजुरी मात्र वाढत गेली. दुरुस्तीचा खर्च वर्षाच्या सगळ्या भाड्याच्या कितीतरी पट झाला. मालकाने हात काढून घेतला, पागडीचा व्यवहार सुरू झाला आणि इमारत कोणाचीच राहिली नाही. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अन्यायकारक झाली आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ मिळू लागली. शंभर रुपयांवर चार रुपये. एवढ्यात कौलेही बदलून होत नाहीत.

मधल्या काळात सरकारने दुसरी वाट काढली होती. इमारती कोसळून माणसे मरू लागली तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ निर्माण केले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला १९,६४२ होत्या, त्यांतल्या बहुसंख्य १९४० च्या आधीच्या. पुढे हे मंडळ म्हाडात गेले. म्हाडाच्या दुरुस्तीचा मुंबईकराला परिचित असलेला चेहरा म्हणजे लोखंडी टेकू, सागाच्या जागी आलेल्या लोखंडी तुळया आणि चुन्याच्या भिंतीवर थापलेले सिमेंट. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा लेप बसला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून सडते. या दुरुस्त्यांनी माणसांचे जीव वाचवले, त्याबद्दल त्या मंडळाला श्रेय द्यावेच लागेल. पण जुन्या बांधकामाची जाण असलेला कारागीर आणि त्याला पुरेसा मोबदला, या दोन्ही गोष्टी त्या दरपत्रकात बसत नव्हत्या.

वारसा नियम लिहिणाऱ्यांना या आर्थिक पेचाची कल्पना नव्हती असे नाही. त्यांनी तीन उपाय सुचवले होते. घरगुती वापराच्या वारसा वास्तूत कचेरी किंवा हॉटेल चालवायला परवानगी द्यावी, अट एवढीच की मालक ती वास्तू आहे त्या स्थितीत जपण्याची लेखी हमी देईल, आणि हमी मोडल्यास परवानगी काढून घ्यावी. दुसरा उपाय हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे टीडीआरचा. वारसा नियमामुळे ज्या मालकाला भूखंडावर वाढीव बांधकाम करता येत नाही, त्याला तेवढ्या चटई क्षेत्राचे प्रमाणपत्र मिळावे आणि ते त्याने दुसरीकडे वापरावे किंवा विकावे. तिसरा उपाय दुरुस्ती निधीचा. या तिन्हींपैकी टीडीआरची कल्पना सर्वांत न्याय्य आहे. न्यूयॉर्कने १९६३ मध्ये पेन स्टेशन पाडले जाताना पाहिले, १९६५ मध्ये वारसा कायदा केला आणि ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधायला नकार दिला. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार वैध ठरवला, आणि मालकाला ते हक्क जवळच्या भूखंडांवर नेता येतात ही गोष्ट त्या निकालात मालकाच्या बाजूची भरपाई म्हणून मोजली गेली. शहराला सौंदर्य हवे असेल तर शहराने त्याची किंमत द्यावी, आणि ती रोख न देता बांधण्याच्या हक्काच्या रूपात द्यावी, हे तत्त्व मुंबईनेही स्वीकारले.

पण बाजारात वस्तूची किंमत तिच्या दुर्मीळपणावर ठरते. मुंबईने वारसा टीडीआर दिला आणि त्याच वेळी चटई क्षेत्राचे इतर नळ उघडे ठेवले. झोपडपट्टी पुनर्वसनातून टीडीआर आला, रस्त्यांसाठी आणि आरक्षणांसाठी दिलेल्या जमिनींतून आला. २०१२ पासून अधिमूल्य भरून निवासी बांधकामाला ३५ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र थेट महापालिकेकडून विकत मिळू लागले. बांधकाम व्यावसायिकाला वाढीव क्षेत्र हवे असेल तर खिडकीवर पैसे भरून ते मिळते. मग वारसा वास्तूच्या मालकाकडून, समितीची मंजुरी, दुरुस्तीची हमी, प्रमाणपत्राची वाट पाहून तो ते का घेईल? सरकारच या बाजारातील सर्वांत मोठा विक्रेता झाले, आणि वारसा वास्तूच्या मालकाला दिलेले वचन पोकळ होत गेले. हे कोणाच्या दुष्टपणाने झाले असे मला वाटत नाही. प्रत्येक कलमाला स्वतःचे कारण होते. सगळी कलमे एकत्र वाचण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही.

खरा घाव मात्र वेगळ्या कलमाने घातला. नियम ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास केला तर भाडेकरूंना मोफत घर आणि विकासकाला भरघोस चटई क्षेत्र मिळते. हे बक्षीस वारसा नियमाशी आदळणार हे उघड होते, आणि १९९९ मध्ये सरकारने हा झगडा एका बाजूने मिटवला. अशा पुनर्विकासाच्या बाबतीत वारसा नियम फक्त पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीला लागू राहील असे ठरले. तिसरी श्रेणी आणि वारसा परिसर समितीच्या कक्षेतून बाहेर गेले. परिसर ही या नियमाची सर्वांत मोलाची कल्पना, आणि दक्षिण मुंबईतले बहुतेक जुने परिसर उपकरप्राप्त इमारतींचेच बनलेले. म्हणजे गिरगाव-काळबादेवीसारख्या भागात नियम नावापुरता उरला. मालकाचे गणितही बदलले. इमारत जितकी लवकर मोडकळीला येईल तितका पुनर्विकास लवकर. महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली धोकादायक ठरवल्याची नोटीस आली, संरचना तपासणीत ‘सी-वन’ हा शेरा पडला, की घरे रिकामी करून पाडकाम करता येते. जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला शिक्षा नाही, बक्षीस आहे. जो मालक पदरमोड करून कौले बदलतो, गटारे साफ ठेवतो, तो या हिशेबात वेडा ठरतो.

आता भाडेकरूंच्या बाजूने येणारा आक्षेप. तो सर्वांत गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय कोणालाही वारशाची बाजू मांडण्याचा हक्क नाही. एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या, सामायिक संडास, पावसाळ्यात गळणारे छप्पर. अशा घरात राहणाऱ्याला तुमच्या नक्षीदार कठड्याचे काय? २०१२ मध्ये महापालिकेने यादीत नऊशेच्या वर नव्या वास्तू आणि परिसरांची भर प्रस्तावित केली. त्यात शिवाजी पार्क, दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी असे मध्यमवर्गाचे परिसर होते. शिवाजी पार्कच्या अनेक रहिवाशांनी त्याला जोरदार विरोध केला. त्यांना भीती होती की दर्जा मिळाला की लिफ्ट बसवणे, खिडकी बदलणे, इमारत नव्याने बांधणे सगळे अडकेल. या लोकांना सौंदर्यदृष्टी नाही म्हणून हिणवणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. त्यांनी पाहिलेला वारसा नियम हा फक्त नकार देणारा होता. कोणाच्या इमारतीला दुरुस्तीसाठी पैसे मिळाल्याचे, कोणाला टीडीआरची चांगली किंमत आल्याचे उदाहरण त्यांच्या आसपास नव्हते. त्यांनी हाती असलेल्या पुराव्यावरून निष्कर्ष काढला आणि तो बरोबर होता.

पण पुनर्विकास भाडेकरूला देतो ते नेहमी देतोच असेही नाही. संक्रमण शिबिरांत वर्षानुवर्षे अडकलेली कुटुंबे, अर्धवट सोडलेले सांगाडे, बंद पडलेले भाड्याचे धनादेश हे मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. नवे घर मिळाले तरी उंच मनोऱ्याचा देखभाल खर्च, लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचे महिन्याचे शुल्क जुन्या भाड्याच्या अनेक पट होते, आणि काही कुटुंबे ते घर विकून बदलापूर-विरारला जातात. चाळीच्या घरात संडास बांधून देणे, दोन खोल्या जोडणे, मागच्या बाजूने जिना आणि लिफ्ट उभारणे, हे सगळे तिसऱ्या श्रेणीच्या मूळ नियमात बसते. आतले बदल त्याने कधीच अडवले नव्हते. म्हणून चाळकरी आणि वारसा यांच्यात खरे भांडण नाही. भांडण आहे ते चाळकऱ्याच्या हलाखीचे कारण पुढे करून भूखंडावर तिप्पट-चौपट बांधकाम करू पाहणाऱ्या हिशेबाशी.

दुसरा आक्षेप भावनिक आहे, पण तो अनेकांच्या मनात असतो. साहेबांनी बांधलेल्या इमारती जपण्यात आपला काय अभिमान? या इमारतींवरचे हात कोणाचे होते ते आठवावे. बोरीबंदरच्या स्थानकाचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, पण काम उभे करणाऱ्या अभियंत्यांत सीताराम खंडेराव वैद्य होते, आणि दगडातली पाने-फुले, मोर, माकडे जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झाला आणि त्यांच्या आईच्या नावाने ओळखला जातो. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींचे बहुतेक मालक भारतीय होते, आणि त्यांचे अनेक वास्तुविशारदही. एम्प्रेस कोर्टचा आराखडा करणारे गजानन बाबुराव म्हात्रे हे त्यांतले एक मोठे नाव. त्यांचे नाव मराठी घरांत माहीत नसावे याचे मला वाईट वाटते. शिवाय ज्या इमारती आज सर्वांत वेगाने जात आहेत त्या साहेबांच्या नाहीतच. गिरगावची खोताची वाडी पाठारे प्रभू जमीनदाराने वसवली, तिथे ईस्ट इंडियन कुटुंबांनी लाकडी ओसऱ्यांची घरे बांधली. चाळी भाटिया, गुजराती, पाचकळशी मालकांच्या होत्या आणि त्यांत राहणारे कोकण-घाटावरचे. सार्वजनिक गणेशोत्सव आणि मेळे यांनी मुंबईत मुळे धरली ती इथेच. सरकारी गॉथिक इमारतींना निदान सरकारी तिजोरी आहे. आपल्या लोकांनी बांधलेल्या घरांनाच ती नाही.

आणि घरांच्या टंचाईचा मुद्दा? १९९५ च्या यादीत नोंदी सहाशेच्या आसपास, आणि त्यांतल्या कितीतरी सार्वजनिक वास्तू, देवळे, चर्च, पुतळे, कारंजी. एक कोटीहून अधिक लोकसंख्येच्या शहराची घरांची गरज या यादीने अडवली असे म्हणणे टिकत नाही. मोठी जमीन मोकळी होण्याची संधी गिरण्यांच्या रूपाने आली होती. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी, एक भाग म्हाडाच्या घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिस्सा फक्त रिकाम्या जागेपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. सामान्यांची घरे तिथे हरवली. त्याची भरपाई काळबादेवीच्या गल्ल्यांकडून वसूल करू नये.

मग काय करायला हवे? श्रेणी आणि समिती या व्यवस्थेत फार बदल लागत नाही. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या नव्या नियमावलीत वारसा नियम ५२ क्रमांकाने आला आहे, त्याची चौकट चांगली आहे. बदल पैशात हवा. मूळ नियमातील दुरुस्ती निधी हा ऐच्छिक होता, आयुक्तांच्या हाती असा निधी उभारता येईल एवढेच त्यात होते. महापालिका आणि राज्य शासन वाढीव चटई क्षेत्रासाठी जे अधिमूल्य घेतात त्याचा ठरावीक हिस्सा या निधीत कायद्यानेच जायला हवा. ज्या उंचीने जुन्या शहराला धोका निर्माण होतो, त्याच उंचीच्या कमाईतून जुन्या शहराची कौले बदलली जावीत, यात कोणावरही अन्याय नाही. वाढीव क्षेत्र विकत घेणाऱ्याने त्यातला पहिला भाग वारसा टीडीआरमधून घ्यावा अशी सक्ती केली तर त्या प्रमाणपत्राला खरी किंमत येईल. अहमदाबादने आपल्या जुन्या शहरातील पोळांच्या लाकडी घरांना टीडीआर दिला, आणि त्याचा विनियोग दुरुस्तीशी जोडला. आपणही प्रमाणपत्राची रक्कम दुरुस्ती पूर्ण होईल तसतशी सोडावी. १९९९ ची सूट किमान घोषित परिसरांपुरती मागे घ्यावी. आणि दुर्लक्षाने इमारत मोडकळीला आणणाऱ्याला नव्या बांधकामात जुन्यापेक्षा जास्त क्षेत्र मिळू नये. एवढी एक अट आली तरी ‘सी-वन’च्या शेऱ्याची घाई बरीच थंडावेल.

यावर असे म्हटले जाईल की इतक्या अटी घातल्या तर सरकार वारसा नियमच गुंडाळून ठेवेल. हैदराबादमध्ये तसे झाले. २०१५ मध्ये तिथला नियम रद्द करण्यात आला, २०१७ मध्ये वेगळा कायदा आला, आणि नवे विधानभवन बांधण्यासाठी इर्रम मंझिल हा राजवाडा पाडायचे ठरले. नागरिक न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे नगररचनेच्या अधिकृत आराखड्यात एकदा दिलेले संरक्षण सरकारच्या लहरीवर सहज पुसता येत नाही. मुंबईचा नियमही त्याच पायावर उभा आहे. पुण्याच्या वाड्यांना, पणजीतल्या फोंताइन्यास भागाला, नाशिकच्या घाटांना असा पाया हवा असेल तर तो नगररचनेच्या कायद्यातूनच यावा लागेल. पुण्याच्या पेठांतले वाडे तर मुंबईच्या चाळींहून अवघड, कारण तिथे मालकाचे वारस अनेक, भाडेकरू जुने आणि वास्तूला मिळकत शून्य. तिथे निधीशिवाय श्रेणी देणे म्हणजे वारसांना वाडा लवकर पाडायला सांगणेच ठरेल.

हे सगळे बदल करण्याची वाट कायद्यात खुली आहे. नगररचना अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली नियमात फेरबदल करायचा झाला की सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचनांसाठी नागरिकांना महिनाभराची मुदत मिळते. २०१२ मध्ये शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी हाच हक्क वापरून विरोध नोंदवला. आता हाच हक्क दुरुस्ती निधीच्या मागणीसाठी वापरायला हवा. तुमच्या शहरात वारसा यादीची किंवा नियमबदलाची सूचना निघाली, तर केवळ वास्तूचे फोटो काढून थांबू नका. त्या सूचनेत दुरुस्तीचा पैसा कुठून येणार हे लिहिले आहे का ते वाचा. नसेल तर मुदतीच्या आत, लेखी, तुमच्या सहीने हरकत नोंदवा, आणि शेजारच्या चाळीतल्या किंवा वाड्यातल्या भाडेकरूंनाही त्यावर सही करायला सांगा.